बत्तीस-ग आणि बत्तीस-दोन

आमच्या घरात आण्णांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात दोन कागद जपून ठेवलेत आणि दोन्हीवर बत्तीस हाच आकडा आहे. पहिला कूळ कायद्याचा, बत्तीस-गचा. दुसरी औद्योगिक कायद्याची बत्तीस-दोनची नोटीस. पहिल्यानं जमीन आमची झाली, दुसऱ्यानं गेली. पहिला कागद १९६१ चा, दुसरा १९९५ चा. मधी चौतीस वर्षं. एका माणसाच्या कमावत्या आयुष्याएवढीच म्हणा ना.

आमचं गाव पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला. नाव लिहीत नाही, कारण आता ते नाव कंपन्यांच्या पाटीवर जास्त आणि माणसांच्या तोंडी कमी असतं. माझा आजा दुसऱ्याची जमीन अर्धेलीनं कसायचा. मालक तालुक्याला वकील. पीक निघालं की त्यांचा माणूस खळ्यावर येऊन बसायचा आणि माप झाल्याशिवाय घरात दाणा जायचा नाही. मग कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो मालक मानला गेला. फुकट नाही बरं का. आकाराच्या २० पटीपासून २०० पटीपर्यंत किंमत ठरवायची आणि कुळानं ती हप्त्यानं फेडायची. आमच्या सात एकर बारा गुंठ्यांचा आकार सव्वानऊ रुपये. किंमत ठरली सातशे चाळीस. आज हसू येतं, पण आण्णांनी त्यातला एक हप्ता दोन शेळ्या विकून भरला होता आणि त्या सालच्या दिवाळीला आईला लुगडं आलं नव्हतं. हे मी आईकडून इतक्या वेळा ऐकलंय की ती शेळी मला ओळखीची वाटते.

मागं पुण्यात एका कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं होतं. तिथं एक निवृत्त अधिकारी भेटले. माणूस सज्जन, चहा पाजला, आणि मग म्हणाले, "तुम्ही संपादनाविरुद्ध लिहिता. पण वकिलाची जमीन कायद्यानं तुमच्या वडलांना मिळाली तेव्हा तो कायदा गोड लागला. तुमची घेतली तेव्हा कडू. हे कसं?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. मी दहावी शिकलेला, तेही शेवटच्या वर्षी गणितात घासून. पण घरी येताना एसटीत जे सुचलं ते इथं लिहितो.

कूळ कायद्यानं एकच गोष्ट विचारली, की या जमिनीवर उभं कोण आहे? राबतं कोण? जो उभा होता त्याला तिथंच ठेवलं आणि जो उभा नव्हता त्याला पैसे देऊन मोकळं केलं. वकिलांचं घर, वकिली, पोरांची शाळा, ओळखीपाळखी, सगळं जागच्या जागी राहिलं. त्यांचा खंड गेला. ते वाईट नाही असं मी म्हणत नाही, म्हाताऱ्याला लागलंच असेल. पण त्यांना गाव सोडावं लागलं नाही, कारण ते गावात नव्हतेच. औद्योगिक कायद्यानं हा प्रश्नच विचारला नाही. त्यानं एवढंच पाहिलं की गट नंबर कोणता आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचं. उभं कोण आहे, हे त्याच्या फॉर्मात नाही.

आणि अजून एक. कूळ कायद्यानं मिळालेली जमीन तेव्हा कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. कलम ४३. सातबाऱ्यावर तसा शेरा असायचा. कारण काय, तर कसणाऱ्याकडं जमीन राहावी आणि शेतीच व्हावी. आण्णांना एकदा आईच्या आजारपणात अर्धा एकर विकायचा होता, तर या शेऱ्यासाठी तालुक्याला खेटे घालता घालता आई बरीही झाली. म्हणजे सरकार आम्हाला सांगत होतं की ही शेतीची जमीन, हिला हात लावायचा नाही. आणि त्याच सरकारनं एका सकाळी कोतवालाच्या हातून सांगितलं की इथं कारखाना होणार, पंधरा दिवसांत म्हणणं मांडा.

ती सकाळ मला लख्ख आठवते. आम्ही बराखीत कांदा भरत होतो. कोतवाल सायकल टेकवून उभा राहिला, पाणी मागितलं, प्यायला, आणि मग खिशातून कागद काढला. आण्णांना वाचता येत नव्हतं पण सही करता यायची. त्यांनी विचारलं, "कशाचा हाय?" कोतवाल म्हणाला, "बत्तीसचा." आण्णांच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. त्यांना एकच बत्तीस माहीत होता. त्यांना वाटलं, जुनं काहीतरी राहिलेलं पुरं झालं. मी वाचून दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. कांदा भरायचा राहिला होता तो भरला. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "हप्ते फेडलेत मी."

मग मोजणी आली. मोजणीचं वर्णन सगळ्यांनी केलंय, मी लांबवत नाही. फक्त विहिरीचं सांगतो. आमची विहीर सत्तावीस फूट, निम्मी पाषाणात फोडलेली. पंचनाम्याला माणसं आली वैशाखात. साहेबानं वाकून बघितलं आणि "पाणी अल्प" असं लिहिलं. मी म्हटलं, साहेब, वैशाखात तुमच्या नळालाही पाणी अल्पच असतं. ते हसले, पण शेरा काही बदलला नाही. आंब्याची चार झाडं धरली. बांधावरच्या बोरी, बाभळी, शेवगा यांतलं काही धरलं नाही. वर्षभराचं सरपण, शेळ्यांचा पाला, बायकांच्या हातात बाजारच्या दिवशी येणारे शेंगांचे पैसे, हे सगळं त्या बांधावर होतं. पंचनाम्यात बांध म्हणजे पोटखराबा.

सात एकर बारा गुंठ्यांपैकी पाच एकर गेले. ओढ्याकडचे दोन एकर बारा गुंठे राहिले. भाव एकरी सव्वा लाख. करारनामा केला तर लवकर पैसे, नाही केला तर रक्कम जमा होईल आणि तुम्ही कोर्टात जा. वाटाघाटी याला म्हणतात. आमच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली हात घालून भाव करायचे, तिथंसुद्धा माल न विकता बैलगाडी माघारी नेता यायची.

पैसे यायला दीड वर्ष गेलं. तेवढ्यात, १९९६ च्या पावसाळ्यात, आण्णा गेले. डॉक्टरनं छातीचं दुखणं सांगितलं. मी नोटिशीनं गेले असं म्हणणार नाही. तमाखू फार खायचे.

आता जे लिहितो ते लिहायला मला वीस-पंचवीस वर्षं लागली. आई आधीच गेली होती. वारसाला दोन नावं लागली, माझं आणि आक्काचं. १९५६ च्या कायद्यानं ती माझ्याबरोबरीची वारस. म्हणजे पाच एकरांच्या सव्वासहा लाखांतले तीन लाख साडेबारा हजार तिचे. कार्यालयातले भाऊसाहेब म्हणाले, "बहिणीचं हक्कसोड करून आणा, म्हणजे चेक एका नावानं निघंल." मी आक्काला आणायला गेलो. ती नांदत होती दुष्काळी भागात, तीन पोरं, नवरा गवंडीकाम करायचा. तिनं काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "माहेरचं दार उघडं ऱ्हाऊ दे, भाऊ, बास." तिनं रजिस्टर ऑफिसात अंगठा दिला. मी तिला एक इरकली लुगडं आणि अकरा हजार रुपये दिले. गावानं मला उदार म्हटलं. काहींनी तर बहिणींना नुसत्या साडीवर माघारी लावलं होतं.

सरकारनं आमच्यावर अन्याय केला असं मी तीस वर्षं बोलत आलो. सरकारनं मला भाव कमी दिला, हे खरं. पण मी आक्काला जो भाव दिला त्याचा हिशेब कोणत्या मोर्चात मांडायचा? आमच्या प्रत्येक मोर्चात "भूमिपुत्र" शब्द असतो. भूमिकन्या कुठल्या फलकावर मी पाहिली नाही. संपादनाचा पैसा आला तशी तालुक्याच्या कोर्टात भावा-बहिणींची प्रकरणं वाढली. त्यावर पारावर काय बोलतात, तर "पोरी पैशाला हपापल्या." हपापलं कोण होतं, हे ज्याचं त्यानं आपल्या पेटीत बघावं.

आता दुसरा आरोप. शहरातली माणसं चाकण रस्त्यानं जाताना बंगल्यापुढं उभी काळी गाडी बघतात आणि म्हणतात, शेतकऱ्याला फुकटचा पैसा मिळाला, त्यानं उडवला. हे वाक्य मी इतकं ऐकलंय की माझा हिशेब छापून टाकतो. सोसायटीचं कर्ज चाळीस हजार. घर पाडून बांधलं, दोन लाख. डोंगराच्या कडेला तीन एकर माळ घेतला, एक लाख वीस हजार. जुना टेम्पो, एक लाख पंधरा. आक्काचे अकरा हजार. उरले एक लाख एकोणचाळीस हजार, ते बँकेत ठेवले. तेव्हा बँक बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत होती. सात-आठ वर्षांत ते निम्म्यावर आलं, आणि किराणा दुप्पट झाला. टेम्पो चार वर्षांत भंगारात गेला, कारण मला गाडी चालवता येत होती पण धंदा चालवता येत नव्हता. माळावर बोअर घेतलं, दोन वेळा कोरडं गेलं. यात उडवलेलं कुठं आहे ते दाखवा.

ज्याला आयुष्यात चार महिन्यांनी एकदा पट्टी मिळते, ती घेऊन आधी दुकानदार मग सोसायटी असं करायची सवय असते, त्याच्या हातात एका दिवशी वीस वर्षांची कमाई द्यायची आणि म्हणायचं, आता शहाणपणानं वाग. सरकारी नोकराला कोणी असं करत नाही. त्याला दरमहा पगार, म्हातारपणी पेन्शन. त्याला तिसाव्या वर्षी सगळा पगार एकरकमी देऊन घरी बसवलं असतं, तर किती जणांकडं आज काय उरलं असतं, हे त्या चहावाल्या साहेबांना मी पुन्हा भेटलो तर विचारीन.

आणि काळ्या गाड्यांविषयी. गाडीवाले आहेत आमच्याकडं, नाही कसे. पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी जमीन दिलेली नाही, जमीन घेतलेली आहे. नोटीस निघायच्या वर्षभर आधी आमच्या शिवारात अचानक अनोळखी माणसं एकरी तीस-पस्तीस हजारांनी खरेदी करायला लागली. अडल्यानडल्यानं विकली. मग नोटीस आली आणि त्यांना सव्वा लाख मिळाले. त्यांना कोणी सांगितलं? गावातल्याच कोणीतरी. सरकार तर सरकार, पण गावाला गावानं विकलं, हेही लिहिलं पाहिजे.

नोकरीचं सांगतो आणि सोडून देतो. घरटी एक नोकरी असं सभेत सांगितलं होतं, कागदावर कुठं नव्हतं. माझा थोरला आयटीआय झाला. तो कंपनीच्या आत काम करतो पण कंपनीचा नाही, ठेकेदाराचा आहे. सात महिने झाले की ब्रेक, मग नवीन कार्ड. दोनशे चाळीस दिवस भरले तर हक्क सांगेल म्हणून. त्याच्या हातचा सुटा भाग परदेशात जातो म्हणे. तो अकरा वर्षं नवीन आहे.

मी कारखान्याच्या विरुद्ध नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण नाहीतर मला त्या खणात टाकतील. कांद्याचा भाव दोन रुपये किलो झालेला मी पाहिलाय, रस्त्यावर ओतलेला पाहिलाय. शेतीवर सगळ्यांची पोटं भरत नाहीत हे मला पुण्याहून कोणी येऊन सांगायची गरज नाही. माझं भांडण कारखाना का आला याचं नाही. आला तेव्हा पंगतीत कोणाला बसवलं आणि कोणाला उष्टी काढायला ठेवलं, याचं आहे.

आणि उष्टीसुद्धा ज्यांच्या वाट्याला आली नाहीत ते ठाकर. आमच्या गायरानाच्या कडेला त्यांची अकरा घरं होती. कारवीच्या कुडाची, वर गवत. कांद्याची लागण त्यांच्या बायकांशिवाय व्हायची नाही. पावसाळ्यात खेकडे, चाईची भाजी, उन्हाळ्यात करवंदं, आणि बाकी वर्षभर आमच्या बांधावर मजुरी. त्यांच्या नावावर एक गुंठाही नव्हता. गायरान सरकारचं, त्यामुळं ते देताना नोटीससुद्धा कोणाला द्यावी लागली नाही. ग्रामपंचायतीला एक पत्र आलं. मी तेव्हा पंचायतीत मेंबर होतो. ठराव झाला. माझा हात वर होता, कारण बदल्यात स्मशानाचा रस्ता डांबरी होणार होता. झाला तो रस्ता.

त्यांतला एक म्हातारा आण्णांच्या बरोबरीचा होता. तारेचं कुंपण पडलं तेव्हा तो मला म्हणाला, "भाऊ, तुमास्नी पैसं भेटलं. आमास्नी कोण इचारनार?" मी म्हटलं, तुमच्याकडं कागद आहे का काही? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. पिढ्यान्‌पिढ्या तो तिथं होता, आणि कागद मागत होता मी, ज्याच्या बापाला कागद मिळूनच जेमतेम पस्तीस वर्षं झाली होती. ती अकरा घरं पांगली. काही वीटभट्टीवर, काही डोंगरापलीकडं. आज त्या गायरानात पार्किंग आहे.

केंद्रानं २०१३ साली नवा कायदा केला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. १८९४ चा इंग्रजांचा कायदा तेव्हा गेला. त्या नव्या कायद्यात बाधित कुटुंब कोण, याची व्याख्या आहे. जमिनीचा मालक तर आहेच, पण तीन वर्षं तिथं राबून पोट भरणारा शेतमजूर, वाटेकरी, कारागीर हेही बाधित. म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला दिल्लीनं कागदावर उत्तर दिलं. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधितांची संमती, सरकार आणि खाजगी मिळून असेल तर ७० टक्के. गावाकडं बाजारभावाच्या चौपटीपर्यंत रक्कम. वाचताना मला बत्तीस-गची आठवण झाली. पण आमच्याकडं औद्योगिक वसाहतीची जमीन घेतात ती राज्याच्या १९६१ च्या कायद्यानं, आणि त्यात संमतीचा टक्का नाही. कारणे दाखवा नोटीस आहे. मी माझ्याच शेतात उभा राहून कारणं दाखवायची, की ते माझ्याकडं का राहावं.

दिल्लीच्या कायद्यातही एक जागा आहे जिथं मला ठेच लागते. घेतलेली जमीन ताबा घेतल्यापासून पाच वर्षं पडून राहिली, तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत द्यायची, किंवा सरकारच्या भूपेढीत जमा करायची. त्या दुसऱ्या "किंवा"वर बोट ठेवा. सरकारला दोन पर्याय दिलेत, एकात त्याला जमीन सोडावी लागते, दुसऱ्यात ठेवता येते. कुठला निवडील, याला दहावीचीही गरज नाही. आमच्या पाच एकरांतला दीड एकर आजही पडीक आहे. गवत वाढतं, उन्हाळ्यात पेटतं. वॉचमन आहे, तो माझा चुलतपुतण्या.

त्याच आवारात आमचा म्हसोबा गेला. दर अमावस्येला नैवेद्य न्यायचा तर गेटवर पास काढावा लागतो. पासावर एक रकाना आहे, "कोणाला भेटायचे". पहिल्या वेळी मी म्हसोबा लिहिलं, तर पुतण्यानं फोन लावून विचारलं, या नावाचं डिपार्टमेंट कोणतं. आता तो स्वतःच "इतर" लिहितो. हसण्यावारी नेलं आम्ही, पण आमच्या मंडळींनी मागच्या तीन वर्षांपासून जाणं सोडलं. घरातूनच दिशेला हात जोडते.

हे काही आमच्यापाशी सुरू झालं नाही. आमच्या जिल्ह्यातच मुळशीला १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट पुढं होते, तुरुंगात गेले. धरण झालं. वीज मुंबईला गेली. कोयनेचं पाणी अडून साठ वर्षं होऊन गेली, तरी तिथल्या उठवलेल्या माणसांची तिसरी पिढी जमिनीच्या कागदासाठी उपोषणाला बसते. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणची पंचाण्णव गावं घेतली. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबार झाला, पाच माणसं मेली, आणि मग दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. साडेबारा टक्के हा आकडा कुठल्या तज्ज्ञाच्या अहवालातून सुखासुखी आलेला नाही, तो पाच माणसांच्या रक्तातून आलाय. आज त्याचं श्रेय घेणारे पुष्कळ. आणि पेणकडं २००८ च्या सप्टेंबरात बावीस गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर लोकांचं मत सरकारनंच घेतलं. मत काय पडलं ते सरकारनं जाहीर केलं नाही. पुढं ते संपादन बारगळलं. म्हणजे विचारता येतं, हे त्या बावीस गावांनी दाखवलं. उत्तर ऐकायची छाती पाहिजे.

मग करावं काय, असं विचारतात. हे विचारणारा बहुतेक वेळा उत्तर ऐकायला थांबत नाही, तरी सांगतो. हरियाणा सरकारनं २००७ साली एक धोरण केलं. मोबदला वेगळाच, त्याशिवाय जमीन गेलेल्याला एकरी वर्षाला पंधरा हजार रुपये, दरवर्षी पाचशेनं वाढत, तेहेतीस वर्षं. रक्कम थोडी आहे, मान्य. पण कल्पना बघा. जमीन दरवर्षी पिकायची, तसा पैसा दरवर्षी यावा. हडपसरला मगर मंडळींनी तर जमीन विकलीच नाही. सव्वाशेच्या आसपास कुटुंबांनी चारशेवर एकर एकत्र करून स्वतःचीच कंपनी काढली, जेवढी जमीन तेवढा हिस्सा. ते शहराला लागून होते, बरेचसे भाऊबंद होते, सगळ्या गावांना ते जमणार नाही. आणि तिथंही भूमिहीनाचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. पण जमीन देणारा माणूस कारखान्याचा भागीदार असू शकतो, वॉचमनच असला पाहिजे असं नाही, एवढं त्यातून दिसतं.

आणि मोबदला वाटताना सातबारा बंद करून आधी शिवारात फिरा. पहाटे सहाला. कोण कुठं काम करतंय ते लिहा. त्यात बायका असतील, ठाकर असतील, मेंढरं बसवायला आलेला धनगर असेल. दुपारी कार्यालयात बसून लिहिलेल्या यादीत हे कोणी येत नाही.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण. मागच्या दिवाळीनंतर उरलेल्या ओढ्याकडच्या दोन एकर बारा गुंठ्यांवर पुन्हा शिक्का पडला. विस्तारित टप्पा. इतर हक्कात नोंद आली. नोंद आल्यापासून सोसायटी पीककर्ज देताना का-कू करते, ठिबकचं प्रकरण अडकलं, आणि धाकटा म्हणतो, "दादा, आता भाव चांगला हाय, भांडत बसू नका." भाव चांगला आहे, खोटं नाही. एकरी किती येईल ते गावात सगळ्यांना तोंडपाठ झालंय.

मी आक्काकडं गेलो. ती आता सत्तरीला आली, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मी तिला सांगितलं की या खेपेला हरकतीचा अर्ज मी लिहितोय आणि त्यावर तुझं नाव घालणार आहे. हक्कसोड झालंय, कायद्यानं कदाचित टिकणार नाही, पण पैसे आलेच तर निम्मे तुझे, असं मी स्टँपावर लिहून आणलं होतं. तिनं तो कागद डोळ्याजवळ धरला, मग बाजूला ठेवला, आणि विचारलं, "ओढ्याकडचा उंबर हाय का आजून?" म्हटलं, आहे. "मग तो लिहिला का अर्जात?" नव्हता लिहिला. तिथंच बसून लिहिला.

सुनावणीच्या दिवशी अर्ज घेऊन गेलो. आठ पानं झाली होती. वर अर्जदार म्हणून आक्काचं नाव, खाली माझं. सोबत मी शोधून काढलेल्या ठाकर घरांची यादी, अकरापैकी सात सापडली. खिडकीतल्या मुलीनं पानं उलटली. चांगली होती पोरगी, माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "आजोबा, यांचा गट नंबर?" म्हटलं, त्यांना गट नंबर नाही. "मग यांच्यासाठी रकाना नाहीये यात." मी म्हटलं, मागं कोरी जागा आहे, तिथं लिही. तिनं साहेबांकडं बघितलं. साहेब फोनवर होते. तिनं सात नावं मागच्या बाजूला एकाखाली एक लिहिली, "ही मंडळी राहतात कुठं?" असं विचारून पुढं वीटभट्टी, वीटभट्टी असंही लिहिलं, आणि शिक्का मारून पोच दिली.

पोच पेटीत ठेवली आहे. पुढची तारीख अजून आलेली नाही.